चष्मा टेबलावर

त्या घरात बोलण्याचा तुटवडा कधीच पडला नाही. आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून "नंबर सांगा" आणि "बोला, लाइन जोडली" एवढंच म्हणायचं, आणि घरी आली की त्याचं उट्टं काढायचं. मुली तिच्यावर गेल्या आणि मुलींच्या मुली मुलींवर. जेवायला बसलं की एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची, तिसरी त्याला उत्तर द्यायची, आणि आपल्याला मुळात काय म्हणायचं होतं हे पहिली विसरून जायची.

या सगळ्या कलकलाटात आजोबा तेवढे अबोल. त्यांना काही सांगायचं असलं की ते डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. चष्मा टेबलावर आला की सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि तो परत नाकावर चढेपर्यंत ब्र काढायचा नाही, हा घरचा कायदा. आजोबांना घाई नसायची. ते सावकाश सगळ्यांकडे बघायचे, जणू हजेरी घेतायत, आणि मग म्हणायचे, "मीठ कमी आहे."

"एवढ्यासाठी?" आजी कपाळावर हात मारून घ्यायची.

आजोबा गेले, आणि त्यांच्यामागे तो कायदाही गेला. चष्मा आजीच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेला.

नातींमधली सगळ्यात बोलकी ती टकळी. पाळण्यात होती तेव्हापासून तोंड चालू, म्हणून आजोबांनीच हे नाव ठेवलं होतं आणि तेच चिकटलं. टकळीने फिजिशियन असिस्टंट व्हायचं ठरवलं. कॉलेज आजीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, म्हणून ती आजीकडेच राहायला आली. एक बॅग कपड्यांची आणि चार पुस्तकांच्या.

ही बातमी आजीने सगळ्यात आधी आपल्या धाकट्या जावेला फोन करून दिली. जावेचा मुलगा मोठा सर्जन. त्यामुळे वैद्यकाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"म्हणजे डॉक्टर नाही?" जाऊ म्हणाली.

"डॉक्टर नाही गं. पण पेशंट तपासायचा, त्याचं काय दुखतंय ते शोधायचं, औषध ठरवायचं, ऑपरेशनला हाताशी उभं राहायचं. डॉक्टरांच्या बरोबरीनं..."

"हं. म्हणजे कंपाउंडर."

आजीला इतकं झोंबलं की आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र एकाला दहा सुचली. ती तिने भिंतीला ऐकवली.

मग अभ्यास सुरू झाला आणि आजीच्या दोन खोल्यांचं दवाखान्यात रूपांतर झालं. जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकच्या हाडांचा हात येऊन पडला. मनगटातली बारकी हाडं पाठ व्हायची तेव्हा आजीचंही मनगट कामाला यायचं. फ्रिजच्या दारावर औषधांची नावं चिकटली, आणि कुठलं औषध कुठल्या औषधाचं वैरी, ते लाल शाईने. आजी दूध काढताना ती वाचायची आणि म्हणायची, "यांचं तर आमच्या जावाजावांसारखं आहे."

बोटांनी ठोकून आतलं पोकळ की भरीव ते ओळखायचं शिकवलं, त्या दिवसांत टकळीने कपाट ठोकलं, दारं ठोकली, पिठाचा डबा ठोकला, आणि घरात ठोकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आजीची पाठ ठोकली. एकदा तर आजीच्या पोटावर पेनाने रेघ मारून म्हणाली, "हे बघ, इथे तुझं यकृत संपलं."

"संपलं? भरून आण मग," आजी म्हणाली.

टाके घालायला ती केळ्याच्या सालीवर शिकली. चिरायची आणि शिवायची. शिवलेली केळी आजी खायची. टाके कसे सरळ आलेत, गाठ कशी घट्ट बसलीय, ते उजेडाकडे धरून बघायची आणि मगच सोलायची. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना तिने त्यातलं एक केळं मुद्दाम नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हात आहे पोरीला." ते वाक्य आजीने आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

टकळी शरीरशास्त्रात पहिली आली. औषधांच्या परीक्षेत वरच्या दोघींत. हृदयाच्या आलेखावरची वेडीवाकडी रेघ तर ती पेपरातल्या बातमीसारखी वाचायची. आजीची मान गल्लीतून चालताना दोन बोटं उंच असायची.

आणि मग टकळी नापास झाली.

नापास झाली ती बोलण्यात. ही गोष्ट कुणाला सांगितली असती तर कुणाचा विश्वास बसला नसता. वॉर्डात खऱ्या रोग्यांपुढे पाठवण्याआधी कॉलेजात एक परीक्षा असे. बाहेरची साधीसुधी माणसं सोंगाचे पेशंट होऊन बसत, आणि विद्यार्थ्याने त्यांना बोलतं करून दुखणं काढून घ्यायचं. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय वॉर्डाचं दार उघडत नसे. पुन्हा बसायची एकच संधी होती. तीही हुकली तर बरोबरची मुलं पुढे जाणार आणि टकळी वर्षभर मागे राहणार.

"एक प्रश्न सोडला नाही मी!" टकळी उशीत तोंड खुपसून रडत होती. "ताप, खोकला, भूक, झोप, जुनी दुखणी, घरातली दुखणी, सगळं विचारलं. आणि शिकवणाऱ्या बाई काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, प्रश्न सगळे विचारलेस, पण उत्तरंही तूच दिलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे मी म्हटलं, दुखतं का, रात्रीच ना, जेवल्यावर जास्त ना? पेशंट झालेल्या त्या बाई नुसत्या हो हो म्हणत राहिल्या. आणि त्यांना खरं सांगायचं होतं ते पोटातच राहिलं."

आजी नातीच्या केसांतून हात फिरवत राहिली. हे दुखणं टकळीचं एकटीचं नाही, घराण्याचं आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती टकळीचा विसरलेला डबा द्यायला कॉलेजात गेली, तर फळ्यावर सूचना लावलेली: सोंगाच्या पेशंटसाठी वयस्कर माणसं हवीत. आजी थेट आत गेली आणि नाव देऊन आली.

शिकवणाऱ्या बाई स्वतः अनेक वर्षं फिजिशियन असिस्टंट म्हणून काम केलेल्या. बोलणं कमी, नजर धारदार. त्यांनी आधी विचारलं, "नात इथेच आहे ना तुमची? चालेल, पण दोन अटी. तुमची नात तुमच्या खोलीत येणार नाही. तिची पाळी येईल तेव्हा तुमची खोली रिकामी. आणि इथलं काही घरी बोलायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं," आजी म्हणाली. ज्या बाईने आयुष्यात कधी कुणाच्या वाढदिवसाची भेटही गुपित ठेवली नव्हती, तिने हे म्हटलं.

तालमीत आजीला खोकल्याचा रोगी दिला होता. नियम सोपा: विचारलं तेवढंच सांगायचं. आणि प्रत्येक रोग्याकडे एक लपवलेली गोष्ट, जी समोरचा खरोखर थांबून ऐकेल तरच बाहेर काढायची. पहिला विद्यार्थी आत आला, "नमस्कार आजी, काय होतंय?" म्हणाला, आणि आजीने खोकला, बेडका, घरातली ओल, लपवलेली गोष्ट आणि शेजारणीच्या मांजराची गोष्ट, सगळं एका दमात सांगून टाकलं. पोरगा खूश होऊन बाहेर गेला.

"आजी," बाई म्हणाल्या, "तुमच्यासमोर भिंत उभी केली तरी ती पास होईल."

शेजारच्या खोलीचा रोगी हसला. तो निवृत्त पोस्टमन. उंच, वाळका, मिशा झुपकेदार. त्याच्या पोटातून गोष्ट काढणं म्हणजे बंद पेटीतून पत्र काढण्यासारखं होतं. "बाई, आम्ही जन्मभर लोकांची गुपितं पिशवीत घालून हिंडलो," तो आजीला म्हणाला. "एक फोडलं नाही."

"आणि आम्ही काय केलं मग? आम्ही तर ऐकूनही सांगितलं नाही!" आजी फणकारली.

"मग ते सगळं आत्ता बाहेर पडतंय म्हणायचं."

आजीने हट्टाने तालमी केल्या. एकदा विद्यार्थ्याच्या जागी स्वतः बाई बसल्या. आजीने मनाशी खूणगाठ बांधली होती की काही झालं तरी लपवलेलं सांगायचं नाही. बाईंनी दोनचार साधे प्रश्न विचारले. मग हातातलं पेन टेबलावर ठेवलं, आजीकडे बघितलं आणि गप्प बसल्या. नुसत्या बसल्या. कपाळाला आठी नाही, घड्याळाकडे नजर नाही. आजीला वाटलं, आपणच काहीतरी देणं लागतो. आणि एकदम तिच्या तोंडून सगळं निघून गेलं.

बाई हसल्या. आजी मात्र पेनाकडे बघत राहिली. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते घरी येताना जिन्यात आठवलं, आणि कठड्याला धरून ती तिथेच उभी राहिली. म्हणजे आपल्या घरातला अबोल माणूस जे करत होता, ते इथे वर्गात शिकवतात!

बाईंची अट तिने पाळली. कुठल्या खोलीत कोण, कुणाचं दुखणं काय, यातलं अक्षर काढलं नाही, मूग गिळून बसली. पण आजोबांचा चष्मा कॉलेजचा नव्हता, घरचा होता. तो तिने कपाटातून काढला, रुमाल सोडला आणि संध्याकाळी टेबलावर ठेवला.

"मी पेशंट. एक प्रश्न विचार, आणि मी चष्मा उचलेपर्यंत गप्प."

"काय होतंय आजी?" टकळीने विचारलं.

आजी खिडकीबाहेर बघत बसली. टकळीने ओठ चावले. पाय हलवला. बोटं मोडली. मग तिच्या नाकातून एक बारीक आवाज येऊ लागला, किटलीला वाफ येते तसा.

"दुखतंय ना?" ती फुटलीच.

"नापास," आजी म्हणाली.

रोज चष्मा निघायचा आणि रोज टकळी फुटायची. कधी हसून, कधी रडून, एकदा तर शिंक आणून. "आजी, कुणी गप्प बसलं की मला वाटतं मला येत नाहीये. म्हणून मी बोलते," ती एकदा वैतागून म्हणाली.

"एक्स्चेंजला नवीन मुली यायच्या," आजी म्हणाली, "त्यांना लाइनवर आवाज आला नाही की वाटायचं बोलणं संपलं. लगेच तार उपटायच्या. आणि पलीकडचा बिचारा माणूस नुसता हुंदका आवरत असायचा. गप्प म्हणजे तुटलेलं नसतं गं."

टकळी ऐकत राहिली. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही तिने चष्मा उचलला जाण्याआधीच तोंड उघडलं होतं.

परीक्षेच्या दिवशी एका लांबट हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या केल्या होत्या. प्रत्येकीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक तपासायचा पलंग आणि कोपऱ्यात गुण देणारे डॉक्टर. आजी सकाळपासून खोकत होती. आता ती पक्की झाली होती. एका मुलाला तर तिने असं ताटकळवलं की तो घामाघूम झाला. मग बाईंनी आत डोकावून म्हटलं, "आजी, आता तुमची खोली रिकामी. चहा घेऊन या हवं तर."

आजीला समजलं. पाय चहाकडे वळेनात. ती खुर्चीतच बसून राहिली. घंटा वाजली आणि पलीकडून, पोस्टमनच्या खोलीतून, ओळखीचा आवाज आला.

"नमस्कार काका, मी फिजिशियन असिस्टंटची विद्यार्थिनी. आज कशासाठी आलात?"

"थकवा येतो," पोस्टमन म्हणाला. "उठलं की गरगरतं."

पोस्टमन ज्या रोग्याचं सोंग घ्यायचा, त्याचं दुखणं आजीला तालमीत पाठ झालं होतं. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणून तो महिनोन्‌महिने खात होता. त्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि आतल्या आत रक्त जात होतं. शौचाला काळं होत होतं. पण लहान पोरीसमोर असलं काय बोलायचं, म्हणून तो लाजून सांगत नव्हता. ते बाहेर आलं नाही तर सगळं फुकट.

टकळीचे प्रश्न सुरू झाले. झोप? भूक? छातीत धडधड? आधीची दुखणी? पोस्टमन एकेका शब्दात उत्तरं देत होता. टकळीचा आवाज हळूहळू वेग घेऊ लागला. आजीला तो वेग ओळखीचा होता. आता ती घसरणार. "कुठली औषधं घेता? ब्लडप्रेशरचं घेता ना, की..."

आजीचा हात भिंतीकडे गेला. एक टकटक. एवढीच. टकळीला समजलं असतं. आजीने बोटं वाकवलीसुद्धा. आणि मग ती बोटं तिने दुसऱ्या हाताने धरून मांडीवर दाबून ठेवली. तिची परीक्षा तिची तिनेच द्यायला हवी. आजीच्या टकटकीवर पास झालेली पोर उद्या खऱ्या रोग्यापुढे कुणाच्या भिंतीकडे बघणार?

पलीकडे वाक्य अर्ध्यावरच थांबलं होतं.

"माफ करा काका," टकळी म्हणाली. "तुम्ही सांगा. घरी काय काय गोळ्या घेता?"

आणि आजीला टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. पेन असावं.

मग काही नाही.

आजी कान देऊन बसली. प्रश्न नाही, हुंकार नाही, नाकातली किटली नाही. दूर कुठल्या तरी खोलीत कुणीतरी खोटं विव्हळत होतं. आजीने स्वतःचा श्वास आवरला. जन्मभर तिने आवाज जोडले होते, पण एखाद्या शांततेसाठी तिची छाती अशी फुगली नव्हती. गप्प होती, तिची नात! बोलत नव्हती! तेही घाबरून नव्हे. चांगली बसून, पेन ठेवून.

पोस्टमनची खुर्ची करकरली. तो खाकरला.

"गुडघ्यासाठी घेतो थोड्या. दुकानातून." पुन्हा थांबला. टकळी बोलली नाही. "आणि... आता तुझ्यासमोर कसं सांगू पोरी. संडासला काळं होतंय. डांबरासारखं."

"बरं झालं सांगितलंत," टकळी म्हणाली. आवाज इतका हलका की आजीला वाटलं, हा आपल्या नातीचाच आहे ना. "यात लाजायचं काही नाही काका. कधीपासून होतंय?"

मग बाकीचं धबधब्यासारखं आलं. टकळीने नाडी पाहिली, पोट तपासलं, पापण्या ओढून पाहिल्या. शेवटी ती कोपऱ्यातल्या डॉक्टरांकडे वळून बोलली ते आजीने अक्षरन् अक्षर ऐकलं: "दुखण्याच्या गोळ्यांमुळे पोटात रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. गोळ्या आजपासून बंद. रक्त तपासायला घेते. पण यात थांबून चालणार नाही आणि हे माझ्या एकटीने ठरवण्यासारखंही नाही. त्यांना घरी न पाठवता तुम्ही आत्ताच बघावं."

घंटा वाजली.

आजी बाहेर आली तेव्हा पोस्टमन मिशा चोळत उभा होता. "काय बाई, तुमच्या नातीने पेटी फोडली की माझी. मी ठरवलं होतं, आज कुणाला दाद द्यायची नाही. पण बघत बसली हो नुसती! बघत बसली आणि मला आपलं वाटलं, हिला सांगावं."

"आजोबांवर गेलीय," आजी म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं. "खोकला," तिने खुलासा केला.

निकाल लागला तेव्हा टकळी जिन्यातूनच ओरडत वर आली. पास! पुढच्या सोमवारपासून वॉर्ड: आधी मेडिसिन, मग सर्जरी, मग लहान मुलं. ती दारात उभी राहून एवढं बोलली की आजीला पाणी विचारायलाही फट मिळाली नाही. बोलून दमल्यावर तिने टेबलावरचा चष्मा उचलला, काचा ओढणीने पुसल्या आणि रुमालात नीट गुंडाळला.

"ठेव इथेच," आजी म्हणाली. "बाहेर तू गप्प बसशील. घरात लागेल."

मग आजीने फोन उचलला आणि जावेचा नंबर फिरवला.

"पास झाली टकळी. सोमवारपासून वॉर्डात."

"अगं बाई, छान! पण ताई, काही म्हण, शेवटी डॉक्टर नाहीच ना ती."

आजीकडे यावर दहा उत्तरं तयार होती, भिंतीला ऐकवून ऐकवून गुळगुळीत झालेली. त्या 'कंपाउंडर'लाच तेव्हा द्यायला हवी होती अशी. तिने तोंड उघडलं. समोर टकळी हाडांचा प्लास्टिकचा हात बॅगेत भरत होती. आजीने डोळ्यांवरचा स्वतःचा चष्मा काढला आणि हळूच टेबलावर ठेवला.

टकळीने वर पाहिलं आणि हात तोंडावर दाबून धरला.

"हॅलो?" जाऊ म्हणाली. "ताई? लाइन तुटली का?"

आजी काही बोलली नाही. आरामात खुर्चीला टेकली.

"ताई? ...म्हणजे माझा तसा अर्थ नव्हता हं. आमचा मुलगाच परवा म्हणत होता, त्याच्या ऑपरेशनला त्याची फिजिशियन असिस्टंट नसली की त्याला हात मोडल्यासारखं होतं. रोग्यांचं सगळं तिलाच ठाऊक असतं म्हणे. त्याला काही सांगत नाहीत, तिला सांगतात." जाऊ थांबली. आजी थांबली. "हुशार आहे हो पोरगी," जाऊ अखेर म्हणाली. "पहिल्यापासूनच होती."

आजीने चष्मा उचलून नाकावर चढवला.

"काय म्हणालीस?" ती म्हणाली. "जरा मोठ्याने बोल. टकळी इथेच आहे, तिलाही ऐकू दे."